उभं वल्हं

१

होडी आली, पण रिकामी आली.

खालच्या डोहाच्या काठावर आम्ही सगळे वाट बघत उभे होतो. पाणी न्यायालयाचे न्यायाधीश, त्यांचा लेखनिक, वीज कंपनीचे वकील, बागायतदारांचे अध्यक्ष, आणि मी, होडीवाल्यांचा वकील. लालभडक होडी वळणावरून उलटी तरंगत आली, डोहात गोल फिरली आणि आमच्या पायाशी येऊन काठाला लागली. तिच्यात भिंगरी असायला हवी होती. मग भिंगरीचा नवरा काठाकाठानं वर पळत सुटला आणि त्याच्यामागे आम्ही.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी बापाच्या होडीत बसून भोवऱ्यात गरागरा फिरायची म्हणून पडलेलं नाव, ते चाळिशीतही तिला चिकटून होतं. दोन काळ्या खडकांमधून नदी जिथे चिंचोळी होऊन खाली कोसळते, त्या जागेला होडीवाले नेढं म्हणतात. सुईत दोरा ओवावा तशी होडी त्यातून ओवायची. भिंगरीला ते डोळे मिटून जमलं असतं असं आम्ही सगळे म्हणायचो.

त्या सकाळी नेढ्यात एक झाड आडवं अडकलं होतं, आणि भिंगरी त्या झाडाखाली होती. नदीतल्या खडकावर माणूस आपटला तर पाणी त्याला बाजूला लोटून देतं. झाडाचं तसं नसतं. पाणी फांद्यांतून गाळून निघून जातं आणि माणूस मागे राहतो, गाळणीत चहाचा चोथा राहावा तसा.

नेढ्याच्या काठावर एका सपाट खडकावर तिचे वडील उभे होते. नदीवरच्या प्रत्येकाला होडी त्यांनी शिकवली, म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हाही त्यांच्या हातात वल्हं होतं, सरळ उभं धरलेलं. आमची चाहूल लागताच त्यांनी मान वळवली.

"पोचली का खाली?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असं मला वाटलं. माझं स्वतःचंही डोकं त्या वेळी ठिकाणावर नव्हतं.

२

खटला काय होता ते थोडक्यात सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच लटकलं होतं. धरण झाल्यापासून नदीच्या पाण्याचे मालक दोनच, वीज कंपनी आणि बागायतदार. कागदोपत्री सगळं पाणी त्यांच्या नावे, आणि नदीच्या पात्राला उरलंसुरलं. भिंगरीनं अर्ज केला होता की वर्षातले काही दिवस तरी होडी चालेल इतकं पाणी पात्रातून वाहू द्यावं, आणि ते उपकार म्हणून नको, हक्क म्हणून. समोरचे हसले. पाणी पिकाला, पाणी दिव्याला, खेळाला कसला आलाय हक्क? भिंगरी चिकाटीची. वर्षामागून वर्षं गेली, पण तिनं खटला सोडला नाही. शेवटी न्यायाधीश म्हणाले, इतक्या पाण्यात होडी नीट चालते हे मला प्रत्यक्ष दाखवा. ती सकाळ त्यासाठी होती.

दोन दिवसांनी कंपनीच्या वकिलांनी एकच वाक्य उच्चारलं. जे पाणी मागणारीलाच खाऊन गेलं, ते हक्क म्हणून कसं द्यायचं? न्यायाधीशांनी मात्र एक गोष्ट हेरली होती. झाडाच्या बुंध्यावर करवतीचा काप होता. झाड कोणी मुद्दाम आणून टाकलं असेल तर तो पाण्याचा दोष नाही, असं ते म्हणाले. पुढच्या तारखेपर्यंत शोधून काढा, नाहीतर अर्ज निकाली काढतो. तोवर झाड नेढ्यातून हलवायचं नाही, असा हुकूमही त्यांनी दिला.

मी घरी येऊन ताईला फोन केला. ताई पोलीस खात्यातून निवृत्त झाली, पण खातं काही तिच्यातून निवृत्त झालं नाही. शेजारणीचं मांजर हरवलं तरी ती आधी शेजारणीचाच जबाब घेते. माझे केस पांढरे झाले तरी मी तिच्यासाठी बाळच.

"बाळ, झाड कोणी टाकलं हे तुला शोधायचंय," ती म्हणाली. "मला आधी ती मुलगी कशी होती ते सांग."

मी सांगू लागलो आणि मला थांबताच येईना. ताई दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आली.

३

होड्यांची शेड म्हणजे पत्र्याची लांबलचक खोली. प्रत्येक वल्ह्याला, प्रत्येक हेल्मेटला आपापला खिळा, आणि तो कधी बदलायचा नाही हा वस्तादांचा दंडक. एकदा जावयानं स्टूल जागेवरून हलवलं म्हणून त्यांनी आकाशपाताळ एक केल्याचं मी पाहिलं होतं. म्हातारपणी माणूस खडूस होतो, असं म्हणून आम्ही हसलो होतो.

वस्ताद नदीकडे तोंड करून बसले होते. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "या वकीलसाहेब. सोबत बाईमाणूस आहे, कोण?" ताईनं तोवर तोंडही उघडलं नव्हतं. चहा त्यांनी स्वतः ओतला, कपाच्या आत बोट वाकवून धरून. हात थरथरत असतील, मला वाटलं. बोट भाजलं असणार, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

ताईनं खटल्याचं काहीच विचारलं नाही. भिंगरी लहानपणी काय खायची, कोणाला घाबरायची, असलं विचारत बसली. वस्ताद हळूहळू बोलू लागले. तिची ती पिवळी होडी, म्हणाले, तो रंग तिच्या आईनं पसंत केलेला. माझी नजर आपसूक कोपऱ्यात गेली. होडी तिथेच टांगली होती आणि ती लाल होती. न्यायाधीश येणार म्हणून भिंगरीनं आदल्याच आठवड्यात तिला नवा रंग दिला होता. दुःखात माणसाला जुनंच आठवतं, असं मी मनाशी म्हटलं.

दाराजवळ कॅनव्हासच्या बुटांचा एक जोड होता, चिखल वाळून कडक झालेला. भिंगरीचे, जावई म्हणाला. धरणाचं पाणी सुटायच्या दिवशी ती सकाळी एकटीच काठानं फिरून यायची. सोबत कोणालाही नेत नसे, त्यालासुद्धा.

मग त्यानं आम्हाला नेढ्यावर नेलं. पायवाट चढाची, आणि झाडाझाडाला बांधलेला कमरेइतक्या उंचीचा दोर थेट वस्तादांच्या त्या सपाट खडकापर्यंत गेलेला. माझ्या गुडघ्यांनी त्या दोराला दुवा दिला. कोणी बांधला, ताईनं विचारलं. भिंगरीनंच, जावई म्हणाला, दोनेक वर्षांपूर्वी, पाहुण्यांच्या सोयीसाठी.

खडकावर उभं राहून त्यानं नदीचा कायदा समजावला. वरून येणाऱ्याला नेढ्यातलं काही दिसत नाही, म्हणून एक माणूस या खडकावर उभा राहतो. वल्हं उभं धरलं की वाट मोकळी, ये. आडवं धरलं की थांब. आडवं वल्हं दिसल्यावर सख्खा बाप मागून ढकलत असला तरी थांबायचं.

"आदल्या दिवशी तुमचं आणि भिंगरीचं भांडण झालं म्हणतात," ताई म्हणाली. "कशावरून?"

"वल्ह्यावरून," जावई म्हणाला, आणि पाठ फिरवून पायवाट उतरू लागला.

४

माझा संशय जावयावर नव्हता. माझा संशय बागायतदारांच्या अध्यक्षांवर होता, कारण भरसभेत ते म्हणाले होते की माझ्या प्रेतावरून होड्या न्या. शिवाय करवती त्यांच्याच माणसांकडे होत्या.

अध्यक्षांनी आम्हाला बागेच्या बांधावरच गाठलं. आडदांड माणूस, पण चेहरा उतरलेला. झाड आमचंच, ते आपणहून म्हणाले. कालव्याच्या तोंडाशी वाढलेली झाडं माणसांनी कापली आणि धरणाखाली नदीकाठी रचून ठेवली. काठापासून किती लांब, ताईनं विचारलं. त्यांनी नेऊन दाखवलं. लाकडं पाण्यापासून चांगली दूर, एका सपाट पट्टीवर होती. पट्टीवर गोटे होते, गुळगुळीत गोल. ताईनं एक उचलून त्यांच्या हातात दिला.

अध्यक्ष बराच वेळ तो गोटा हातात फिरवत राहिले.

"माझ्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की हे नदीचंच पात्र आहे," ते म्हणाले. "इथवर पाणी येतं हेच आम्ही विसरलो. माझ्या नातीला पोहायला तिनं शिकवलं हो."

मी त्यांच्याशी कोर्टात इतकी वर्षं भांडलो, पण त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

राहिला धरणाच्या दारांवरचा माणूस. कंपनीचा पगारी नोकर, तेव्हा मी आधीच दात-ओठ खात गेलो. पाणी हुकमाप्रमाणे सोडलं, तो म्हणाला, थेंब कमी नाही की जास्त नाही. पाणी सुटल्यावर भिंगरी धारेला बूड येईपर्यंत, म्हणजे पाणी एकसारखं वाहू लागेपर्यंत, नेहमीसारखी थांबली होती. मग निघाली. धरणाच्या भिंतीवरून त्यानं दुर्बिणीतून वस्तादांच्या खडकापर्यंतचं सगळं पाहिलं होतं.

"वस्तादांनी वल्हं उभं धरलं होतं," तो म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत उभंच."

बाहेर आल्यावर मी म्हणालो की हा धडधडीत खोटं बोलतोय, कंपनीनं पढवलाय. ज्या बापानं लेकीला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तो तिला झाडावर बोलावेल?

"खोटं बोलायचं असतं तर याहून बरं बोलला असता," ताई म्हणाली. "बाळ, तू चुकीच्या प्रश्नामागे लागलायस. झाड कोणी टाकलं नाही. ते पाण्याबरोबर उचललं गेलं आणि तिच्या आधी नेढ्यात जाऊन बसलं. झाड आलं कसं ते कळलं. ती का आली ते कळायचंय."

५

न्यायाधीशांच्या परवानगीनं ताईनं पुन्हा तेवढंच पाणी सोडायला लावलं. आम्ही दोघं दोर धरून खडकावर गेलो. खाली पाण्याचा लोंढा आला, नेढं गर्जायला लागलं. मला वाटत होतं की वाढत्या पाण्यात झाड बुडत असेल, आणि म्हणून वस्तादांना दिसलं नसेल. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं.

झाड बुडालं नाही. त्याचा अर्धा शेंडा पाण्यावर होता, सुकत आलेली पानं धारेत फडफडत होती. खडकापासून ते इतकं जवळ की हातातलं वल्हं लांब केलं असतं तर पानांना लागलं असतं.

"हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं," मी वैतागून म्हणालो.

ताईनं दोरावरचा हात काढला नव्हता.

"नाही रे," ती म्हणाली. "आंधळ्याला नसतं दिसलं."

६

पाण्याच्या आवाजात मला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं. चहाच्या कपातलं बोट, पिवळी होडी, जागचं न हलणारं स्टूल. आणि लेक पुढ्यात बुडालेली असताना विचारलेलं ते "पोचली का खाली?" सगळं माझ्यासमोर होतं आणि मी बघितलं नव्हतं. डोळे मलाही होते, म्हणायला.

"पण मग इतके दिवस वल्हं धरत कसे होते?" मी विचारलं. "कधी चुकलं नाही ते."

"हा दोर कुठे जातो?" ताईनं उलट विचारलं. "पाहुणे खालच्या डोहावर बसतात. इथे येणारा माणूस एकच."

संध्याकाळी जावयाला शेडमागे गाठलं. तो पहिल्याच प्रश्नाला कोसळला. वस्तादांच्या डोळ्यांचं भिंगरीनं त्याला कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं, पण त्याला वास आला होता. आदल्या रात्री तो तिला म्हणाला की उद्या वल्हं मी धरतो. ती भडकली. ती जागा बाबांची आहे, म्हणाली, त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय. तो हट्टाला पेटला, तीही पेटली. शेवटी तिचंच चाललं, नेहमीसारखं.

ताईनं ते चिखलाचे बूट आणून त्याच्यासमोर ठेवले.

"फिरायला जायची म्हणे," ती म्हणाली. "ती नेढं बघून यायची. स्वतःच्या डोळ्यांनी बघून, वाट मोकळी असली की मगच होडीत बसायची. वडील वर वल्हं उभं धरायचे ते फक्त मानासाठी. त्या सकाळीही ती बघून आली होती. पण पाणी सुटायच्या आधी."

जावयानं बूट पोटाशी धरले आणि लहान मुलासारखा रडला. आम्ही तिथून सरलो.

माझी पंचाईत वेगळी होती. मी वकील. हे कोर्टात सांगितलं तर भिंगरीचं पाणी वाचत होतं. दोष पाण्याचा नव्हता, खेळाचाही नव्हता, नदीचा एक नियम मोडला होता एवढंच. पण ते सांगायचं म्हणजे एका म्हाताऱ्याला भर कोर्टात उघडं पाडायचं. ताई म्हणाली की हे तू सांगायचं नाहीस आणि मीही सांगायचं नाही. ते ज्याचं आहे त्याला आधी सांगू.

वस्ताद तसेच नदीकडे तोंड करून बसले होते. ताई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता, आवाज न चढवता. झाडाचं ऐकताना ते हलले नाहीत. तेवढं त्यांना कधीच कळलं होतं.

"पाणी नेहमीसारखंच वाजत होतं," ते म्हणाले. "झाडाचा आवाज येत नाही. मीच शिकवायचो पोरांना, की झाडाचा आवाज येत नाही."

मग ताईनं बुटांचं आणि दोराचं सांगितलं. तेव्हा त्यांनी हात पुढे केला, कशासाठी तरी चाचपडला, आणि ताईनं तो धरला.

"तिला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोर बांधला तेव्हापासून तरी."

"म्हणजे इतके दिवस मी तिला वाट दाखवत होतो, असं मला वाटत होतं," वस्ताद म्हणाले. मी बाहेर निघून आलो, कारण मला ते बघवेना.

७

तारखेला वस्ताद जावयाच्या खांद्यावर हात ठेवून कोर्टात आले. मी त्यांना साक्षीला बोलावलं नव्हतं. ते आपणहून उभे राहिले आणि बोलायचंय म्हणाले. कंपनीच्या वकिलांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. न्यायाधीशांनी हातानंच त्यांना बसवलं.

वस्तादांनी सरळ सांगितलं. डोळे गेल्याला काळ झाला. आधी कडेकडेनं गेले, मग मधलंही गेलं. लाज वाटली, म्हणून कोणाला सांगितलं नाही. त्या सकाळी नेढ्यात झाड होतं, आणि मी वल्हं उभं धरलं. डोळस माणूस तिथे असता तर त्यानं ते आडवं धरलं असतं, लेक थांबली असती, आणि साहेब, तुम्ही तिला डोहात हसत येताना पाहिलं असतं.

"आम्ही लोक पाण्याला दोष देत नाही," ते म्हणाले. "तिला पाण्यानं नेलं नाही. मी बोलावली, म्हणून ती आली. तुम्ही पाण्याला शिक्षा करू नका."

लेखनिकाची बोटं थांबली होती. सगळ्यात आधी बागायतदारांचे अध्यक्ष उठले. त्यांनी आपला विरोध मागे घेतल्याचं सांगितलं आणि मान खाली घालून बाहेर गेले. कंपनी शेवटपर्यंत भांडली, ते तिचं कामच. पण निकाल आमच्या बाजूनं लागला. ठरलेल्या दिवशी ठरलेलं पाणी नदीतून वाहील, आणि तो होडीवाल्यांचा हक्क राहील. न्यायाधीशांनी एक अट घातली, की पाणी सुटल्यानंतर नेढं पाहिल्याशिवाय कोणी होडी सोडायची नाही. जिंकूनही मला पेढा घशाखाली उतरला नसता, आणि कोणी आणलाही नाही.

हक्काचं पहिलं पाणी सुटलं त्या दिवशी ताई पुन्हा आली. खडकावर जावई वल्हं घेऊन उभा होता. वस्ताद दोर धरून एकटेच वर आले, कोणाचा हात न घेता, आणि त्याच्या शेजारी बसले. दोराची प्रत्येक गाठ ते अंगठ्यानं चाचपत आले होते. गाठी तिनंच मारलेल्या.

वर धरणाखाली अध्यक्षांची नात होडीत बसून खुणेची वाट बघत होती. पाण्याचा आवाज वाढला, मग एका सुरात वाजायला लागला.

"सकाळी बघून आलास?" वस्तादांनी विचारलं.

"आलो."

"आणि आता?"

"आताही बघतोय, बाबा. वाट मोकळी आहे."

वस्तादांनी थोडा वेळ तरीही कान देऊन ऐकलं.

"मग धर उभं," ते म्हणाले.